साच्यांतील कथा व शैलीचें सामर्थ्य

तलवारी, पिस्तुलें आणि गुंडांच्या टोळ्या यांनीं भरलेला चित्रपट म्हणजे वेळेचा व पैशाचा अपव्यय, असें अनेक पालकांचें मत असतें. आणि पुष्कळशा चित्रपटांच्या बाबतींत तें खरेंहि असतें. परंतु पाखडल्यावांचून दाणा कोणता व भूस कोणतें हें समजत नाहीं. चिनी व जपानी चित्रपटांत असे कांहीं दाणे आहेत कीं, ज्यांचा विषय हलका दिसला तरी घडण मोठ्या कलेची आहे. ते कसे पाहावे, एवढेंच येथें सांगण्याचें योजिलें आहे.

अशा चित्रपटांची कथा बहुधा ठराविक साच्याची असते. परका योद्धा गांवांत येतो, दुष्ट अधिकारी निरपराध्यांस छळतो, एकटा वीर अनेकांशीं झुंजतो. कथा आधींच ठाऊक असेल तर पाहावयाचें तें काय, असें विद्यार्थी विचारतात. ओवीचा छंद ज्ञानेश्वरीचा व एकनाथी भागवताचा एकच. म्हणून एक वाचल्यावर दुसरा ग्रंथ कोणी मिटून ठेवतो काय? पेरणारा, मेंढपाळ, हरवलेलें नाणें हीं गालीलांतील घरोघरीं ठाऊक होतीं. प्रभूच्या दाखल्यांचें नवेपण त्या वस्तूंत नव्हतें, मांडणींत होतें. साचा ठरलेला असला म्हणजे प्रेक्षकाचें मन 'पुढें काय' या काळजींतून मोकळें होतें व 'कसें' याकडे वळतें. हें 'कसें' म्हणजेच शैली.

किंग हू या दिग्दर्शकाचें उदाहरण घेऊं. त्यांचा जन्म १९३२ सालीं पेकिंग येथें झाला. १९४९ सालीं ते हाँगकाँगला गेले व पुढें तेथील चित्रपटधंद्यांत शिरले. पेकिंगच्या संगीत नाटकाचा त्यांस लहानपणापासून लळा होता. त्या नाटकांत नट ढोलझांजांच्या तालावर चालतो, गिरकी घेतो, उसळतो आणि एकाएकीं चित्रासारखा निश्चल उभा राहतो. किंग हू यांनीं हा ताल चित्रपटांतील युद्धांत आणिला. १९६६ सालच्या 'कम ड्रिंक विथ मी' या चित्रपटाकरितां त्यांनीं चेंग पेइ-पेइ ही नृत्य शिकलेली तरुणी नायिका म्हणून निवडली, मल्लविद्या जाणणारी नव्हे. यांतच त्यांची दृष्टि दिसून येते. त्यांच्या मतें युद्ध हें मुख्यतः नृत्य होतें.

त्यांची सर्वांत मोठी कृति म्हणजे 'अ टच ऑफ झेन'. पू सुंगलिंग या जुन्या चिनी लेखकाच्या एका लहान कथेवरून ती रचिली आहे. पडक्या किल्ल्याशेजारीं आईसह राहणारा एक गरीब चित्रकार, आणि पित्याच्या वधानंतर राजदरबारच्या हेरांपासून लपून राहिलेली एक मुलगी, अशीं यांतील मुख्य पात्रें. चित्रपट तीन तासांचा आहे, आणि पहिली तलवार उपसली जाण्यास जवळजवळ एक तास लागतो! तोंवर आपण काय पाहतों? कोळ्याचीं जाळीं, धुकें, वाऱ्यानें डोलणारें उंच गवत, ओसाड वाड्यांतील अंधार. अधीर प्रेक्षक येथेंच उठून जातो. परंतु जो बसून राहतो त्याच्या मनांत भीति अशी हळूहळू मुरते कीं, पुढें एखादें पान हललें तरी तो दचकतो.

मग येतें तें बांबूच्या बनांतील प्रसिद्ध युद्ध. पडद्यावर तें कांहीं मिनिटांतच आटोपतें. तें चित्रित करण्यास मात्र सुमारें पंचवीस दिवस लागले. नटांस उसळी देण्यासाठीं कॅमेऱ्याच्या कक्षेबाहेर ट्रॅम्पोलिन ठेवलेले असत. परंतु खरी करामत संकलनाची आहे. योद्धा झेपावतो तेव्हां संपूर्ण झेप आपणांस दाखविलीच जात नाहीं. जमिनीवरून सुटणारा पाय, पानांतून सरकणारें वस्त्र, आणि खालीं उतरलेला देह, एवढेंच निमिषमात्र दिसतें. मधला भाग आपली कल्पनाच भरून काढते. मुलांनो, हें दृश्य दोनदां पाहा. पहिल्या वेळीं कोण जिंकतो तें पाहा, दुसऱ्या वेळीं काय दाखविलेलें नाहीं तें पाहा.

तैवानांत हा चित्रपट १९७० व १९७१ सालीं दोन भागांत दाखविला गेला व पडला. पुढें १९७५ सालीं फ्रान्समधील कान महोत्सवांत तो अखंड दाखविला गेला आणि तंत्रकौशल्याबद्दल त्यास पारितोषिक मिळालें. २००० सालीं आंग ली यांनीं 'क्राउचिंग टायगर, हिडन ड्रॅगन' मध्यें बांबूच्या शेंड्यांवरील युद्ध दाखविलें, तें किंग हू यांस केलेलें वंदनच होय.

जपानच्या सेइजुन सुझुकी यांची वाट याहून बिकट होती. निक्कात्सु या कंपनींत ते पगारी दिग्दर्शक होते. त्या काळीं एका तिकिटांत दोन चित्रपट दाखवीत. सुझुकींच्या वाट्यास बहुधा दुय्यम चित्रपट येई. पटकथा कंपनी देई. दिवस थोडे, पैसा त्याहून थोडा. गुंडांच्या त्याच त्या कथा. १९५६ ते १९६७ या काळांत त्यांनीं असे सुमारें चाळीस चित्रपट केले. कथा बदलण्याची मुभा नसल्यामुळें त्यांनीं रंग, प्रकाश व देखावे बदलण्यास आरंभ केला. काबुकी रंगभूमीप्रमाणें पडदे एकाएकीं कोसळून मागें सर्वत्र लाल रंग पसरावा, असें त्यांनीं १९६३ सालच्या 'कान्टो वाँडरर' मध्यें योजिलें. १९६६ च्या 'टोकियो ड्रिफ्टर' चा आरंभ काळापांढरा आहे, आणि त्यांत एकाच वस्तूला रंग आहे, एका लाल पिस्तुलाला. नायक धन्याशीं एकनिष्ठ, धनी मात्र विश्वासघातकी. ही जुनीच कथा. पण शेवटचा सामना ज्या शुभ्र, रिकाम्या दालनांत होतो त्यांत त्या नायकाचें एकटेपण जितकें स्पष्ट दिसतें, तितकें दहा संवादांनीं सांगतां आलें नसतें.

१९६७ सालीं 'ब्रँडेड टु किल' निघाला, आणि पुढल्या वर्षीं कंपनीनें त्यांस कामावरून काढून टाकिलें. यांचे चित्रपट कोणास समजत नाहींत, असें अध्यक्षांचें म्हणणें. सुझुकींनीं न्यायालयांत दाद मागितली. विद्यार्थ्यांनीं त्यांच्या बाजूनें निदर्शनें केलीं. १९७१ सालीं तडजोड झाली, तरी १९६७ नंतर पुढचा चित्रपट पडद्यावर येण्यास १९७७ साल उजाडावें लागलें. १९८० सालचा त्यांचा 'त्सिगॉइनरवाइझन' प्रथम एका फिरत्या तंबूंत दाखविला गेला. त्याच चित्रपटास जपानच्या अकॅडमीनें त्या वर्षाचा सर्वोत्कृष्ट चित्रपट ठरविलें. सुझुकी २०१७ सालीं वारले.

पालकांनीं एक गोष्ट ध्यानांत ठेवावी. सुझुकींचे चित्रपट शाळकरी मुलांसाठीं नाहींत. 'ब्रँडेड टु किल' तर मुळींच नाहीं. त्यांचा वृत्तांत येथें दिला तो शैलीची किंमत एखाद्यास किती मोजावी लागते हें समजावें म्हणून. वरच्या वर्गांतील मुलांसाठीं किंग हू यांच्या 'ड्रॅगन इन' पासून आरंभ करावा. हा १९६७ सालचा चित्रपट जेमतेम दोन तासांचा आहे. सरहद्दीवरील एकाकी धर्मशाळेंत जमलेल्या वाटसरूंपैकीं मित्र कोण व शत्रु कोण, एवढाच त्यांत पेंच. घरीं सर्वांनीं मिळून तो पाहावा, आणि झांजा केव्हां वाजतात व केव्हां थांबतात याकडे कान द्यावा.

त्याच चित्रपटाविषयीं आणखी एक गोष्ट. २००३ सालीं त्साइ मिंग-लिआंग यांनीं 'गुडबाय, ड्रॅगन इन' हा चित्रपट काढला. तैपेइ येथील एक जुनें चित्रपटगृह बंद होण्याच्या रात्रीं तेथें 'ड्रॅगन इन' लागलेला आहे. बाहेर पाऊस पडत आहे, आंत मोजकेच प्रेक्षक आहेत. आणि त्यांत मूळ चित्रपटांत काम केलेले दोन नट, आतां वृद्ध झालेले, पडद्यावरील आपलें तारुण्य पाहत बसले आहेत.