वॉर्डातून मनुष्यबळ विभागात: मागे वळून पाहताना

गोव्यातल्या मानसिक आरोग्यसेवेचा इतिहास सांगताना भर असतो तो इमारतींवर आणि डॉक्टरांवर. 1756 साली कांदोळीत जन्मलेल्या आबे फारियाच्या नावाचं आल्तिनोवरचं इस्पितळ आणि पुढे बांबोळीची संस्था, हे अनेकांना ठाऊक असतं. तिथे रात्रपाळ्या कोणी केल्या, ती माणसं कशी निवडली आणि का टिकली किंवा सोडून गेली, हे फारसं कोणी विचारत नाही. मी मानसोपचाराच्या वॉर्डात नर्स होते आणि पुढे याच क्षेत्रातल्या एका संस्थेत मनुष्यबळाची जबाबदारी घेतली. मला तर हाच भाग सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

आमच्या वेळी वॉर्डात ‘एचआर’ हा शब्द कोणाच्या तोंडी नव्हता. ते काम मेट्रन करायच्या. ड्यूटी लिस्ट लावताना कोणाच्या घरी लग्न आहे, कोण सलग नाइट करून थकली आहे, कोणत्या पेशंटचं कोणत्या सिस्टरशी जमतं, हे सगळं त्यांच्या डोक्यात असे. जेवण नाकारणारा एक पेशंट एकाच सिस्टरच्या हातून चार घास खायचा. तिची पाळी बदलली की ताट तसंच परत जायचं. मेट्रननी पुढच्या आठवड्याची लिस्ट त्या ताटाकडे बघून लावली. नेमणूक हाही उपचारच असतो, हे मी तिथे शिकले.

1996 साली गोव्यात ‘संगात’ ही संस्था सुरू झाली. तिच्या ‘मानस’ प्रयोगाचे निष्कर्ष 2010 मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आले, तेव्हा चर्चा झाली ती नैराश्यावरच्या उपचारांची. मला त्यात भरतीचा प्रश्न दिसला. 24 दवाखाने, निम्मे सरकारी आणि निम्मे खाजगी, 2,796 रुग्ण, आणि समुपदेशनाला आरोग्यसेवेची पार्श्वभूमी नसलेल्या, सुमारे दोन महिन्यांचं प्रशिक्षण घेतलेल्या स्थानिक व्यक्ती. सरकारी केंद्रांत रुग्ण बरे होण्याचं प्रमाण स्पष्ट वाढलं, खाजगी दवाखान्यांत तसा फरक दिसला नाही. म्हणजे माणूस नुसता शिकवून भागत नाही, त्याला कुठे बसवता यालाही महत्त्व आहे.

‘संगात’च्या पुढच्या कामातली एक पद्धत मला फार मोलाची वाटते. समुपदेशक आपल्या बैठकांचं ध्वनिमुद्रण करायचे, मग सगळ्यांनी एकत्र बसून ते ऐकायचं, गुण द्यायचे आणि चर्चा करायची. आम्हीही ती उचलली. पेशंटच्या संमतीने केलेली टेप लावायची आणि पाहायचं: समोरच्याला बोलू दिलं का, सल्ला द्यायची घाई झाली का, रडू आल्यावर आपण विषय बदलला का. साहेबाने बंद खोलीत लिहिलेल्या गोपनीय अहवालाने जे कधी साधलं नाही ते यातून साधतं. आपलं कुठे चुकलं ते मुली स्वतःच ओळखू लागतात.

भरती करताना पेडणे आणि डिचोली तालुक्यांतली माणसं घ्यावीत, यासाठी मी हट्टाने भांडले. पेडण्यात कोजागरीला भगवतीच्या देवळात पुनव भरते. बाधा झाली असं समजून कितीतरी घरं आपल्या माणसाला आधी तिथे नेतात. तिथलीच मुलगी असेल तर ती या घरांना हिणवत नाही. ‘देवाचंही करा, गोळीही चुकवू नका’ हे तिच्या तोंडून पटतं. डिचोलीत 2012 मध्ये खाणी बंद पडल्या, 2018 मध्ये पुन्हा. ट्रकच्या हप्त्यांखाली दबलेल्या घरांत दारू शिरली. तिथला अटेंडंट अशा माणसाशी बोलताना उपदेश करत नाही, कारण तो हप्ता त्याच्या भावानेही भरलेला असतो. पण ही माणसं टिकवायची तर त्यांच्या बसचाही विचार करावा लागतो. संध्याकाळची पाळी उशिरा सुटली आणि म्हापशाला पेडण्याची बस चुकली, तर चांगली नर्स दोन महिन्यांत राजीनामा देते. आम्ही पाळ्यांच्या वेळा बदलल्या आणि राजीनामे कमी झाले.

2017 च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यातलं 97 वं कलम मी प्रत्येक बजेट बैठकीत वाचून दाखवते. कर्मचारी कमी आहेत एवढ्याच कारणावरून रुग्णाला बांधून ठेवता येणार नाही, असं ते सांगतं. रिकाम्या पदाची किंमत कोण मोजतं, हे यापेक्षा स्पष्ट कुठे लिहिलेलं मला माहीत नाही. रात्री एकटीने मोठा वॉर्ड सांभाळलेल्या बाईला त्याचा अर्थ कळतो. म्हणूनच पदं मंजूर करणाऱ्या टेबलाशी एक तरी नर्स असावी, असं मी अजून आग्रहाने म्हणते.

नोकरी सोडणाऱ्यांशी मी स्वतः बोलते. कोणी मोपा विमानतळावर जातं, कोणी परदेशात. पगाराचं कारण असतंच, पण त्याआधी बहुतेक वेळा दुसरीच तक्रार निघते: पेशंटने अंगावर हात टाकला, आणि नंतर कोणी विचारपूसही केली नाही. आता असा प्रसंग घडला की त्याच दिवशी इन्चार्जने घरी फोन करायचा, दोन दिवसांची रजा हक्काच्या रजेतून कापायची नाही, आणि परत त्याच वॉर्डात जायचं की नाही ते तिने ठरवायचं. नोंद ‘ड्यूटीवरची दुखापत’ अशी होते. सफाई कामगार कंत्राटी असल्यामुळे त्यांना अजून हा नियम लागू नाही. नव्या कंत्राटात तो घालण्यासाठी सध्या माझा पाठपुरावा सुरू आहे.