पॉपकॉर्नचे यंत्र घेण्यापूर्वी

घरी पॉपकॉर्नचे यंत्र आणले, पण निम्मे दाणे गणंगच राहतात, अशी तक्रार आम्ही ऐकतो. दोष पुष्कळदा यंत्राचा नसून दाण्याचा असतो. मक्याच्या टणक सालीआड सुमारे १४ टक्के ओलावा असतो. उष्णता १८० अंश सेल्सिअसच्या आसपास गेली की त्याची वाफ साल फोडते व लाही उमलते. दाणा सुकलेला असेल तर वाफ अपुरी पडते. म्हणून उघड्यावरचे दाणे घेऊ नयेत. घरीही घट्ट झाकणाच्या बरणीत ठेवावेत.

यंत्रे मुख्यतः दोन प्रकारची. गरम हवेच्या यंत्राला तेल लागत नाही, धुण्याचा त्रासही कमी. पण कोरड्या लाहीला मीठ-मसाला चिकटत नाही, वरून थोडे लोणी वितळवून घालावे लागते. तेलाच्या यंत्रातली लाही चवदार. मात्र भांडे दर वेळी स्वच्छ करावे लागते, नाहीतर राहिलेले तेल खवट होते. कोणत्याही यंत्रात मापापेक्षा जास्त दाणे टाकू नयेत. दोन घाण्यांमध्ये ते निवू द्यावे.

महिन्यातून एकदाच लाह्या करायच्या असतील, तर जाड बुडाचे पातेले व झाकण पुरते. अशा घराने यंत्राचे पैसे वाचवून चांगले दाणे घ्यावेत, असेच आम्ही सुचवू.