घर भाड्याचे, भांडण मालकांचे

पिंपरी-चिंचवड, चाकणला कारखान्यांत राबणारी आपली कितीतरी कुटुंबे भाड्याच्या खोलीत राहतात. मालक वारतो, वारस भांडतात आणि एक जण दारात येऊन म्हणतो, "खोली माझी, रिकामी करा!" बंधू-भगिनींनो, घाबरू नका.

लघुवाद न्यायालय खोली खाली करण्याचा दावा ऐकते. मालकीचा अंतिम निवाडा दिवाणी न्यायालयाचा. निकाल मालकीवरच अडला, तर १८८७च्या कायद्याच्या कलम २३प्रमाणे दावा तिकडे नेण्यासाठी परत देता येतो.

तोवर भाडे थकवू नका, पावत्या जपा. दोन वारस भाडे मागत असतील, तर दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम ८८प्रमाणे 'खरा हक्कदार ठरवा' असा दावा करून भाडे न्यायालयात भरता येते.

अनुसूचित जातींना (१९९०पासून त्यांत बौद्धही आले) आणि सर्व स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो. तो मागण्यात कमीपणा नाही, असे आम्हांस वाटते. जयभीम!