नुसते 'मेक' म्हटल्यावर काय होते?

विद्यार्थी संगणकावर 'मेक' एवढाच शब्द टाइप करतो आणि एंटर दाबतो. काय तयार करायचे हे त्याने सांगितलेलेच नसते. तरीही काम सुरू होते. ते नेमके कोणते?

'मेक' ही आज्ञावली स्टुअर्ट फेल्डमन यांनी १९७६ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत लिहिली. कोणती फाइल कशापासून आणि कोणत्या आज्ञेने बनते, याचे नियम आपण 'मेकफाइल'मध्ये लिहून ठेवतो. जे बनवायचे त्याला लक्ष्य म्हणू या. लक्ष्याचे नाव दिले नाही, तर वाचताना सर्वांत आधी आलेले लक्ष्य मेक आपले मानते. (टिंबाने सुरू होणारी काही खास नावे त्यातून वगळलेली आहेत.)

आता खरी मेख पाहू. अनेक कामांना लागणारे सारखे नियम आपण वेगळ्या फाइलीत ठेवतो आणि 'इन्क्लूड' या शब्दाने ती फाइल मेकफाइलीत जोडतो. ही ओळ आली की जोडफाइलीतला मजकूर जणू तिथेच लिहिलेला आहे, असे समजून मेक तो वाचते. ही ओळ आपल्या नियमांच्या वर असेल, तर पहिले लक्ष्य जोडफाइलीतले ठरते! समजा, तिथला पहिला नियम 'क्लीन', म्हणजे बनलेल्या फाइली पुसण्याचा आहे. मग 'मेक' म्हणताच काही बनण्याऐवजी आधीचेच पुसले जाईल. चुकीचा संदेशही येणार नाही, कारण मेकने तर नियमच पाळला.

हाच गुण मुद्दाम वापरताही येतो. फ्रीबीएसडी या प्रणालीत लहान आज्ञावलीची मेकफाइल बहुधा चार-दोन ओळींचीच असते: आज्ञावलीचे नाव आणि एक जोडफाइल. 'ऑल' हे नेहमीचे लक्ष्य त्या जोडफाइलीतूनच येते.

घोटाळा टाळायला सर्वांत वर नुसते 'ऑल' आणि अपूर्णविराम (:) लिहावा, मग फाइली जोडाव्यात. 'ऑल'ला काय काय लागते हे खाली सावकाश लिहिले तरी चालते. मेक त्या याद्या एकत्र करते. लिनक्सच्या मुख्य मेकफाइलीतही हीच युक्ती आहे. ग्नू मेकच्या ३.८१ या आवृत्तीपासून (२००६) आपले लक्ष्य एका खास चलात नोंदवण्याचीही सोय आहे. आम्हाला मात्र पहिलीच रीत बरी वाटते, कारण ती डोळ्यांना दिसते.

वर्गात करून पाहायचे असेल, तर जोडणारी ओळ एकदा वर आणि एकदा खाली ठेवा, आणि दोन्ही वेळा 'मेक'पुढे जागा सोडून उणे चिन्ह व 'एन' हे इंग्रजी लहान अक्षर लिहा. त्यामुळे आज्ञा फक्त पडद्यावर दिसतात, अमलात येत नाहीत.