स्वार्थी स्वयंसेवक जास्त टिकतो

आपत्तीनंतरचे पहिले पंधरा दिवस माणसांची वानवा नसते. बिस्किटे, चादरी, जुने कपडे घेऊन टेम्पोमागे टेम्पो येतात. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे भूकंपाने किल्लारी हादरली, सुमारे दहा हजार माणसे गेली, तेव्हाही हेच झाले. लातूर आणि उस्मानाबाद हे जिल्हे त्या वेळी औरंगाबादच्याच मराठवाडा विद्यापीठाच्या कक्षेत होते, त्यामुळे ती गावे इथल्या विद्यार्थ्यांना परकी नव्हती. प्रश्न त्यानंतरचा आहे. टेम्पो परतल्यावर कोण थांबतो, आणि का?

थांबण्याजोगे काम डोंगराएवढे होते. पन्नासहून अधिक गावे नव्या जागी वसवायची होती. शिवाय सुमारे दोन लाख घरांची दुरुस्ती आणि मजबुतीकरण करायचे होते. इथली जुनी घरे म्हणजे दगडमातीच्या जाड भिंती आणि वर मातीचे माळवद. गळती थांबावी म्हणून त्यावर वर्षानुवर्षे नवी माती पडत गेलेली. घरे कोसळली तेव्हा याच ओझ्याने माणसे गाडली गेली. उपाय साधे होते: माळवदाची माती उतरवायची, भिंतीचे दोन्ही पदर सांधणारे आरपार दगड बसवायचे. पण दगडाचीच धास्ती घेऊन पत्र्याच्या शेडमध्ये झोपणाऱ्या कुटुंबाला हे एका भेटीत कसे पटणार? त्यासाठी त्याच ओट्यावर चार-चारदा जाऊन बसावे लागते. ‘स्वयम् शिक्षण प्रयोग’ या संस्थेने गावोगावच्या बायकांना ‘संवाद सहायक’ म्हणून पुढे केले, ते याचसाठी. सात दिवसांचे शिबिर करून परतणाऱ्या विद्यार्थ्याला ते जमले नसते.

विद्यार्थ्याला विचारले, तू का आलास, तर उत्तर ठरलेले असते: समाजाचे ऋण. उत्तर खोटे नसते, अपुरे असते. अमेरिकेतील ॲलन ओमोटो आणि मार्क स्नायडर या मानसशास्त्रज्ञांनी एड्सग्रस्तांसाठी काम करणाऱ्या स्वयंसेवकांचा अडीच वर्षे मागोवा घेतला. १९९५ मध्ये प्रसिद्ध झालेला त्यांचा निष्कर्ष आपल्या संस्कारांना खटकणारा आहे. काही शिकायचे आहे, स्वतःला घडवायचे आहे, अशा ‘स्वतःपुरत्या’ कारणांनी आलेले जास्त काळ टिकले. निव्वळ परोपकाराच्या भावनेवरून कोण टिकेल हे सांगता आले नाही.

मला हे पटते. दुसऱ्याच्या दुःखाने आलेला उमाळा ओसरतो. स्वतःची गरज ओसरत नाही. (प्रमाणपत्रासाठी येणाऱ्याची गरज मात्र प्रमाणपत्र हाती पडताच संपते, हेही खरे.)

सप्टेंबर २०२५ च्या अतिवृष्टीने मराठवाड्यात हीच परीक्षा पुन्हा घेतली. जायकवाडीतून सुमारे तीन लाख क्युसेक पाणी सुटले, पैठणमधली कुटुंबे हलवावी लागली. सरकारने ३१,६२८ कोटींचे पॅकेज जाहीर केले. पण खरडून गेलेल्या रानात पुन्हा माती यायला वर्षे लागतात, आणि मदतीच्या यादीत नाव लागूनही पैसे ई-केवायसीपाशी अडतात. आधारवर एक नाव, सातबाऱ्यावर दुसरे. म्हातारीचे अंगठ्याचे ठसे उमटत नाहीत.

अशा वेळी संभाजीनगरच्या अभ्यासिकांत एमपीएससीची पुस्तके घोकणाऱ्या मुलाला पंचनामा प्रत्यक्ष बघता आला, अडलेली कागदपत्रे जुळवून देता आली, तर त्यात त्याचाही फायदा आहे आणि त्या म्हातारीचाही. स्थापत्यच्या विद्यार्थिनीने पडक्या भिंतीतून जे शिकावे, ते प्रयोगशाळेत नाही. या फायद्याची लाज कशाला?

राष्ट्रीय सेवा योजना १९६९ पासून चालू आहे. दोन वर्षांत २४० तास आणि सात दिवसांचे विशेष शिबिर, ही तिची चौकट. तास पुरेसे आहेत. ते एका गावाच्या वाट्याला येत नाहीत, इतकेच. तेव्हा कार्यक्रम अधिकाऱ्यांना विनंती: पूर आलेले गाव निवडा आणि किमान तीन वर्षे ते बदलू नका. आणि पहिल्याच बैठकीत प्रत्येक मुलाला विचारा, यातून तुला स्वतःला काय हवे आहे?