सोनाराने घडविलेला यक्ष

चोपड्याहून लेणी पाहायला निघालेली गाडी बहुधा जळगाव-फर्दापूर मार्गे अजिंठ्यालाच जाते. त्यात गैर काही नाही. परंतु परत आलेल्या मंडळींना 'काय पाहिले?' असे विचारले तर उत्तर ठरलेले असते : चित्रे. पहिल्या लेण्यातला पद्मपाणी सर्वांना आठवतो. सव्विसाव्या लेण्यापर्यंत जाता जाता मुले थकतात, म्हाताऱ्या माणसांचे गुडघे बोलू लागतात आणि दगडातले काम पाहायचे राहून जाते. खान्देशच्या वेशीवरील पितळखोऱ्याचे तर नावही पुष्कळ घरांत ठाऊक नसते. म्हणून यावेळी आम्ही चित्रांविषयी नव्हे, दगडाविषयी लिहीत आहोत.

उठावाचे शिल्प म्हणजे काय, हे आधी मुलांना समजावून सांगावे. ही मूर्ती बाहेरून आणून बसविलेली नसते. भिंत तीच, डोंगर तोच. कारागीर ठेवायचा तेवढा दगड ठेवतो आणि बाकीचा छिन्नीने काढून टाकतो. काळ्या कातळावर घाव चुकला तर चुकला. घराचे प्लास्टर बिघडले तर पुन्हा करता येते, इथे तशी सोय नाही.

पितळखोरे चाळीसगावच्या दक्षिणेला सातमाळ्याच्या डोंगरात, गौताळ्याच्या जंगलात आहे. आमच्याकडून जायचे तर तापी ओलांडून धरणगाव, एरंडोल, भडगाव करीत चाळीसगाव गाठायचे आणि घाट चढून कन्नडच्या बाजूला यायचे. लेणी तेरा-चौदा आहेत आणि त्यांतली जुनी इसवी सनापूर्वीची आहेत, म्हणजे दोन हजार वर्षांहून अधिक जुनी. ज्या काळात ही कोरली गेली त्या काळात तथागतांची मूर्ती घडविण्याची रीत नव्हती. स्तूप, बोधिवृक्ष, धम्मचक्र, पाऊलखुणा यांवरून त्यांची आठवण करीत. चैत्यगृहातल्या खांबांवर आज बुद्धाची चित्रे दिसतात, ती काही शतकांनंतर काढलेली आहेत.

चौथ्या क्रमांकाच्या विहारापुढे उभे राहिले की पाय हलत नाहीत. जोत्यावर हत्तींची रांग कोरली आहे, जणू सारा विहार त्यांनीच पाठीवर तोलून धरला आहे. पायऱ्यांच्या दारापाशी भाले-ढाली घेतलेले दोन द्वारपाल आहेत. त्यांचा अंगरखा पाहा, शिंप्याने बेतून दिल्यासारखा आहे. जवळच पाच फण्यांचा नाग असून पाणी बाहेर यावे म्हणून त्याच्या फण्यांना भोके पाडली आहेत. पाण्याची वाट काढायची, पण ती काढतानाही नाग कोरायचा! आजच्या आमच्या नगरपालिकांना हे सुचणार नाही.

इथे कमळावरची स्त्री आणि तिच्यावर पाणी घालणारे दोन हत्ती असेही शिल्प मिळाले आहे. ते पाहून कोणी म्हणते, 'ही तर लक्ष्मी, मग हे बौद्ध लेणे कसे?' वाचकांनी गोंधळू नये. गजलक्ष्मी म्हणून ओळखली जाणारी ही आकृती सांची आणि भारहूत येथील बौद्ध स्तूपांवरही आहे. फूशे या फ्रेंच अभ्यासकाने तिच्यात महामाया आणि सिद्धार्थाचा जन्म पाहिला. सर्वांना ते मान्य नाही. आम्ही मुलांना दोन्ही मते सांगतो. भांडण्यापेक्षा ते बरे.

आता त्या यक्षाकडे येऊ. १९५० च्या दशकात पुरातत्त्व खात्याचे म. न. देशपांडे यांनी येथील दगडमाती उपसून काढली, तेव्हा अनेक शिल्पे उजेडात आली. त्यांत एक बुटका, ढेरपोट्या, हसरा यक्ष होता. दोन्ही हातांनी डोक्यावर पात्र धरलेला. आज तो दिल्लीच्या राष्ट्रीय संग्रहालयात आहे. त्याच्या हातावर ब्राह्मी अक्षरांत कोरले आहे की हा यक्ष कण्हदास नावाच्या सोनाराने केला. राजाचे नाव नाही, सेनापतीचे नाही. नाव आहे ते हाताने काम करणाऱ्याचे. ताजमहाल कोणी बांधला म्हटले की आपण बादशहाचे नाव घेतो, गवंड्याचे कोणाला माहीत आहे? यक्षाच्या अंगावरचे दागिने नीट पाहावेत. ते सोनाराच्याच हातचे आहेत, असे आम्हाला वाटते.

पैसा कोणी दिला, तेही तिथे लिहिले आहे. पैठणच्या मितदेवाने एका खांबाचे दान दिले. तो गंधिक, म्हणजे सुगंधी द्रव्यांचा धंदा करणाऱ्या घरातला. पैठणच्याच संघकाच्या मुलांनीही दान दिले. आमच्या भगिनींनी विशेष लक्षात ठेवावे ते दत्ता हिचे नाव. राजवैद्य मगिल याची ही मुलगी. तिचे दान तिच्या नावाने कोरलेले आहे, आणि खुद्द मगिलाची ओळख 'वच्छीपुत', म्हणजे वच्छीचा मुलगा, अशी आईच्या नावाने दिली आहे. आमच्या ऑफिसातल्या फॉर्मवर आईच्या नावाचा रकाना यायला किती वर्षे लागली!

अजिंठ्याच्या सव्विसाव्या लेण्यात मात्र काळ बदललेला आहे. ते इसवी सनाच्या पाचव्या शतकातले. डाव्या हाताच्या भिंतीवर सुमारे सात मीटर, म्हणजे तेवीस फूट लांबीचे महापरिनिर्वाण आहे. तथागत उजव्या कुशीवर पहुडले आहेत. मंचकाखाली शोक करणारे भिक्खू आणि उपासक. वर आकाशात देवगण, त्यांच्या चेहऱ्यावर तो शोक नाही. खाली रडणे, वर वाद्ये, आणि मधे तो शांत चेहरा. घाईत पाहणाऱ्याला फक्त मोठी मूर्ती दिसते. दहा मिनिटे खाली बसून पाहावे. त्याच भिंतीवर माराचा हल्ला आहे : हत्तीवरचा मार, त्याची सेना, नाचणाऱ्या मुली, आणि भूमीला स्पर्श केलेला तो एक हात. हे लेणे बुद्धभद्र या भिक्खूने करविले. अश्मक राज्याचा मंत्री भव्विराज हा त्याचा मित्र. त्याच्या स्मरणार्थ आणि आपल्या आईवडिलांसाठी हे दान, असे शिलालेखात आहे. काम पाहणाऱ्या धर्मदत्त आणि भद्रबंधू यांची नावेही त्यात आहेत.

दुःखाची गोष्ट अशी की पितळखोऱ्याचा दगड ठिसूळ आहे. पावसाचे पाणी झिरपून दर्शनी भाग ढासळले, खांब गेले. पाण्याला आपण काय करणार? पण खिळ्याने नावे कोरणारे हात पाण्याचे नाहीत. अजिंठ्याच्या दहाव्या लेण्यात १८१९ साली जॉन स्मिथ या इंग्रज अधिकाऱ्याने चित्रावर आपले नाव खरडले. त्याला कदाचित कळत नव्हते. आपल्याला कळते.

जाणाऱ्यांनी पावसाळा टाळावा, पायऱ्या निसरड्या होतात. पितळखोऱ्याला खाली बऱ्याच पायऱ्या उतरायच्या आहेत आणि तितक्याच चढायच्या आहेत. भाकरी, शेंगदाण्याची चटणी, भरपूर पाणी आणि एक बॅटरी घरूनच न्यावी. बॅटरीचा उजेड शिल्पावर समोरून न टाकता बाजूने टाकावा, म्हणजे उठाव दिसतो आणि समोरून सपाट वाटणारा चेहरा एकदम जिवंत होतो.