कपाळातील पोकळी आणि तिची अरुंद वाट

सर्दी चार-आठ दिवसांत बरी होते. पण कधी कधी ती गेल्यावरही भुवयांच्या वर कपाळ दुखत राहते आणि खाली वाकले की कळ वाढते. अशा वेळी ‘सायनस झाला आहे’ असे लोक म्हणतात. वास्तविक सायनस हा रोग नव्हे. चेहऱ्याच्या व कवटीच्या काही हाडांत हवेने भरलेल्या पोकळ्या असतात व त्या नाकात उघडतात. त्यांनाच सायनस किंवा कोटरे म्हणतात. त्यांच्या चार जोड्या असतात. त्यांपैकी कपाळाच्या हाडातील जोडीने शल्यविशारदांना फार काळ झुंजवले. अखेर उपाय सापडला तो तिच्या दाराशी.

बांधकाम चालू आहे!

जन्मलेल्या मुलाच्या कपाळाच्या हाडात ही पोकळी नसते. नाकाच्या बाजूने ती हळूहळू वर सरकत हाडात शिरते. सहा ते आठ वर्षांच्या सुमारास ती क्ष-किरण चित्रात दिसू लागते आणि विशीच्या आसपास तिची वाढ पुरी होते. म्हणजे तुमच्या कपाळात हे बांधकाम अजून चालू आहे! उजवी व डावी पोकळी सहसा सारखी नसते. काही जणांत एक किंवा दोन्हीही नसतात. पोकळीचा आकार माणसागणिक इतका निराळा असतो, की अनोळखी मृतदेहाची ओळख पटवण्यासही त्याचा उपयोग करतात.

श्लेष्म्याची ठरलेली फेरी

या पोकळीला आतून ओलसर श्लेष्मल त्वचेचे अस्तर असते. त्यातून पाझरणाऱ्या चिकट श्लेष्म्यात धूळ व जंतू अडकतात. अस्तराच्या पेशींवर केसासारखे अतिसूक्ष्म तंतू असतात. त्यांना पक्ष्माभिका म्हणतात. वाऱ्याने शेतातले पीक लहरावे तसे हे तंतू सेकंदाला सुमारे १० ते १५ वेळा हलतात आणि श्लेष्म्याचा थर मिनिटाला काही मिलिमीटर पुढे ढकलतात.

पोकळीचे दार तळाशी आहे. तेव्हा श्लेष्मा सरळ खाली ओघळत असेल, असे तुम्हाला वाटेल. पण तो आधी मधल्या भिंतीवरून वर चढतो, छतावरून बाहेरच्या बाजूला जातो आणि मग तळावरून दाराकडे येतो. ऑस्ट्रियातील ग्राट्स येथील वाल्टर मेसरक्लिंगर यांनी सायनसांमधील अशा वाटांचा बारकाईने अभ्यास केला. श्लेष्मा नेहमी नैसर्गिक दाराकडेच जातो. दुसरीकडे भोक पाडून दिले, तरी तंतू आपली दिशा बदलत नाहीत.

दाराखालची वाट मात्र अरुंद असते. नाकाच्या मुळाशी पातळ हाडांचे लहान लहान कप्पे असतात. त्यांच्यामधून ती नाकात उतरते. सर्दीत तेथील अस्तर सुजले की वाट बंद होते. श्लेष्मा साचतो, त्यात जंतू वाढतात, त्यामुळे सूज आणखी वाढते आणि वाट अधिकच घट्ट बंद होते.

कपाळ उघडण्याचे दिवस

या पोकळीच्या मागच्या पातळ भिंतीपलीकडे मेंदू असतो आणि खाली डोळ्याची खोबण. म्हणून येथे साचलेला पू धोक्याचा. १८९८ साली वर्णन झालेल्या रीडेल शस्त्रक्रियेत पोकळीची पुढची भिंत व तळ काढून टाकीत. त्यामुळे जीव वाचे, पण कपाळावर कायमचा खळगा राही. काही वर्षांतच जर्मनीतील गुस्टाव्ह किलियन यांनी भुवईखालची हाडाची कड शाबूत ठेवून हे व्यंग कमी केले. पुढे विसाव्या शतकाच्या मध्यास अस्तर खरवडून पोकळीत पोटावरची चरबी भरण्याची पद्धत आली. या साऱ्यांमागे एकच समजूत होती : बिघडलेले अस्तर सुधारत नाही, म्हणून ते काढावे. मेसरक्लिंगर यांना मात्र आढळले, की अरुंद वाट मोकळी केली तर सुजलेले अस्तर बहुधा आपोआप पूर्ववत होते.

काचेच्या दांड्यांची दुर्बीण

पण ती वाट पाहायची कशी? येथे भौतिकशास्त्र मदतीला आले. शरीरात घालण्याच्या जुन्या दुर्बिणीत हवेने भरलेल्या नळीत छोटी छोटी भिंगे बसवलेली असत. तिच्यातून प्रकाश फार थोडा पोचे. १९५९ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ हॅरल्ड हॉपकिन्स यांनी ही रचना उलटी केली. त्यांनी नळीत काचेच्या लांब दांड्या बसवल्या आणि मध्ये हवेच्या लहान फटी ठेवल्या. या फटीच भिंगांचे काम करू लागल्या! चित्र कितीतरी उजळ झाले आणि दुर्बीण बारीक करता आली. आज नाकासाठी सामान्यतः ४ मि.मी. जाडीची, म्हणजे पेन्सिलीहून बारीक दुर्बीण वापरतात. काहींचे टोक तिरपे असल्याने ३०, ४५ किंवा ७० अंशांच्या कोनात वर वळून पाहता येते.

मेसरक्लिंगर यांचे नाकाच्या दुर्बीण-तपासणीवरील पुस्तक १९७८ मध्ये इंग्रजीत आले. त्यांचे शिष्य हाइन्त्स श्टामबेर्गर आणि अमेरिकेतील डेव्हिड केनेडी यांनी १९८० नंतर ही शस्त्रक्रिया जगभर पोचवली. शल्यविशारद प्रथम सी.टी. स्कॅनवरून ‘नकाशा’ पाहतो. मग रोग्याला भूल देऊन नाकपुडीतून दुर्बीण व हत्यारे आत नेतो आणि वाट अडवणाऱ्या कप्प्यांच्या भिंती काढतो. चेहऱ्यावर छेद घ्यावा लागत नाही. जर्मनीतील वोल्फगांग ड्राफ यांनी १९९१ मध्ये याच्या तीन पायऱ्या सांगितल्या : नुसती वाट साफ करणे, दार रुंद करणे आणि दोन्ही पोकळ्यांना मिळून एकच मोठे दार करणे. जेवढे भागेल तेवढेच करावे, कारण उघड्या हाडावर व्रण भरताना वाट पुन्हा बुजू शकते. डोळा व मेंदू अगदी जवळ असल्याने हे काम अनुभवी हातांचेच आहे. दुर्बीण पोचत नाही अशा कोपऱ्यातल्या रोगासाठी आजही कधी कधी बाहेरून छेद घ्यावा लागतो.

हे लक्षात ठेवा

बहुतेकांचा सायनसचा त्रास शस्त्रक्रियेवाचूनच बरा होतो. मात्र १७६० मध्ये लंडनचे शल्यविशारद पर्सिव्हल पॉट यांनी कपाळावरील एका मऊ सुजेचे वर्णन केले. कपाळाच्या हाडाला जंतुसंसर्ग झाला की ती येते. सायनसमधून पसरणारा असा संसर्ग कुमारवयात अधिक आढळतो. म्हणून सर्दीनंतर ताप व तीव्र डोकेदुखीबरोबर कपाळ किंवा पापणी सुजली, उलट्या होऊ लागल्या, दिसण्यात फरक पडला किंवा गुंगी आली, तर घरी वाफ घेत बसू नये. त्याच दिवशी रुग्णालय गाठावे.